अकरा हजारांचा पंतप्रधान

शाळेत असताना माझ्याकडे पोस्टाच्या तिकिटांची एक वही होती. तीत एक तिकीट असं होतं की त्यावरचं देशाचं नाव आमच्या घरात कोणालाच धड वाचता येत नसे. डोंगराच्या कड्यावर बसलेला एक किल्ला आणि त्याखाली ते लांबलचक नाव. वडिलांनी एकदा भिंग घेऊन शाळेचा नकाशा धुंडाळला आणि स्वित्झर्लंड नि ऑस्ट्रिया यांच्यामधल्या रेषेवर बोट ठेवलं. त्यांच्या बोटाखाली तो देश पुरता झाकला गेला होता. लिख्टेनश्टाइन.

आज युरोपच्या सहलीला जाणाऱ्या मराठी मंडळींना हे नाव अगदी ओळखीचं झालं आहे. स्वित्झर्लंडहून ऑस्ट्रियाकडे निघालेली बस वाटेत वाडुझ या राजधानीच्या गावात तास-दीड तास थांबते. मंडळी पैसे मोजून पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून घेतात, किल्ल्याकडे तोंड करून फोटो काढतात, चॉकलेटं घेतात आणि निघतात. मीही तसाच गेलो होतो. आमच्या गाइडने वर किल्ल्यात राहणाऱ्या राजघराण्याच्या श्रीमंतीच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. मी मात्र खालच्या रस्त्यावरच्या सरकारी कचेरीच्या इमारतीपुढे रेंगाळलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली ही इमारत भारदस्त आहे, पण आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा कचेरीहून मोठी नाही. राजा वर आणि कारभारी खाली, असा तो देखावा. राजाबद्दल सगळेच बोलतात. कारभाऱ्याचं काय, असं मनात आलं. परत आल्यावर मिळेल ते वाचत गेलो आणि योझेफ होप या माणसापाशी येऊन थबकलो. १९२८ ते १९४५ अशी सलग सतरा वर्षं ते या देशाचे पंतप्रधान होते. सालं पुन्हा एकदा वाचा म्हणजे मी का थबकलो ते लक्षात येईल.

होप यांच्याकडे वळण्यापूर्वी हा देश काय चीज आहे ते थोडं सांगायला हवं. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर. होप यांच्या काळात लोकवस्ती अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव. लिख्टेनश्टाइन हे मुळात व्हिएन्नाच्या दरबारातलं एक बडं सरदार घराणं. दरबारात राजाच्या मानाची खुर्ची मिळावी म्हणून त्यांनी १६९९ मध्ये शेलेनबर्ग आणि १७१२ मध्ये वाडुझ अशा दोन जहागिऱ्या विकत घेतल्या, आणि १७१९ मध्ये त्यांचं मिळून एक संस्थान झालं. राज्य हाती आलं, पण राजे तिथे राहायला काही गेले नाहीत. १९३८ पर्यंत एकाही राजाने वाडुझला बिऱ्हाड केलं नाही. कारभार पाहायला व्हिएन्नाहून माणूस यायचा. मालक मुंबईत आणि शेतावर दिवाणजी, हा प्रकार आपल्याला नवा नाही. सैन्य होतं तेही १८६८ साली खर्च परवडत नाही म्हणून मोडून टाकलं.

पहिल्या महायुद्धाने हे सगळं हलवलं. ऑस्ट्रियाचं साम्राज्य बुडालं, त्याच्या चलनाबरोबर या लोकांची बचतही बुडाली. बाहेरून येणारे दिवाण आता नकोत, आमच्यातलाच माणूस हवा, अशी मागणी जोर धरू लागली. १९२१ साली नवी राज्यघटना आली आणि देशाला स्वतःचा सरकारप्रमुख मिळाला. त्याला आपण सोयीसाठी पंतप्रधान म्हणू. १९२३ मध्ये स्वित्झर्लंडशी जकातीचा करार झाला आणि पुढच्या वर्षी स्विस फ्रँक हेच चलन झालं. इतकी वर्षं पूर्वेकडे तोंड करून बसलेला देश असा पश्चिमेकडे वळून बसला.

होप यांचा जन्म १८९५ चा, घराणं उत्तरेकडच्या सखल भागातलं. इन्सब्रुकच्या विद्यापीठात त्यांनी पौर्वात्य भाषांचा अभ्यास केला आणि १९२० मध्ये डॉक्टरेट मिळवली. हे वाचून मला गंमत वाटली. पूर्वेच्या भाषा शिकलेला हा तरुण पुढे आयुष्यभर कमावलेल्या सरकारी जर्मनमध्ये सावध पत्रं लिहीत राहिला. शिक्षण संपल्यावर व्हिएन्नातल्या आपल्या देशाच्या वकिलातीत त्यांनी नोकरी केली. ती वकिलातही १९२३ मध्ये बंद पडली, कारण पैसे नव्हते. एवढ्याशा अनुभवावर १९२८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते पंतप्रधान झाले.

झाले ते अशा वेळी की शहाण्या माणसाने ती खुर्ची नाकारली असती. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९२७ मध्ये, ऱ्हाइन नदीचा बांध फुटून देशाचा सगळा सखल भाग पाण्याखाली गेला होता. त्यातून वर येतात न येतात तोच सरकारी बचत बँकेतला घोटाळा उघडकीला आला. बँकेचा पैसा लॉटरीसारख्या बेभरवशाच्या धंद्यांत घातला गेला होता. राजाने आधीच्या गुस्ताव्ह शेड्लर यांच्या सरकारला घरी पाठवलं, आणि होप यांच्या नागरिक पक्षाकडे सत्ता आली. अवघ्या सहा महिन्यांत, फेब्रुवारी १९२९ मध्ये, सत्तर वर्षं राज्य केलेले वृद्ध राजे योहान वारले. पुराने बुडालेली शेतं, रिकामा खजिना, नवा राजा आणि जगभर मंदी, अशी होप यांची सुरुवात झाली.

पहिली काही वर्षं त्यांनी घर सावरण्यात घालवली. बेकारांना काम मिळावं म्हणून १९३१ मध्ये देशाच्या लांबीचा एक मोठा निचऱ्याचा कालवा खोदायला घेतला. ते काम १९४३ पर्यंत चाललं आणि दलदलीच्या जमिनी त्यामुळे लागवडीखाली आल्या. या कामात त्यांचा उजवा हात होता आंटोन फ्रोमेल्ट हा कॅथलिक धर्मगुरू. तो चित्रकारही होता, उपपंतप्रधानही होता आणि पोस्टाच्या तिकिटांचं खातंही तोच पाहायचा. माझ्या वहीतलं तिकीट त्याच्या कारकिर्दीतलं असावं असं उगाचच वाटून मला बरं वाटलं.

तिकिटांसारखाच उत्पन्नाचा आणखी एक मार्ग या देशाने शोधला होता: नागरिकत्व विकणं. परदेशातल्या धनिकाने घसघशीत रक्कम भरली की कुठल्यातरी खेडेगावाची ग्रामसभा त्याला आपला म्हणून घेई आणि त्याला पासपोर्ट मिळे. बर्लिनमध्ये नाटकगृहांचा मोठा धंदा असलेल्या आल्फ्रेड आणि फ्रिट्झ रोट्टर या ज्यू भावांनी १९३१ मध्ये असंच नागरिकत्व घेतलं. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. रोट्टर बंधूंचा धंदा तोवर बुडाला होता. ते लिख्टेनश्टाइनला निघून आले आणि जर्मन वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. ५ एप्रिल १९३३ रोजी काही स्थानिक नाझीभक्तांनी, जर्मनीतल्या साथीदारांना हाताशी धरून, त्यांना डोंगरातल्या गाफ्लाय या ठिकाणी बोलावलं. पळवून सीमेपार न्यायचं असा बेत होता. पळापळीत आल्फ्रेड आणि त्यांची पत्नी गेर्ट्रूड कड्यावरून कोसळून मरण पावले. फ्रिट्झ जखमी होऊन निसटले. खटला झाला, पण गुन्हेगारांना इतक्या हलक्या शिक्षा झाल्या की वाचताना आजही ओशाळायला होतं. शेजारचा दांडगा नाराज होऊ नये याची काळजी न्यायासनापर्यंत पोहोचली होती. ज्या खेळात होप यांना पुढची बारा वर्षं काढायची होती, त्याची किंमत तिथेच कळली होती. ती किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणीतरी भरायची.

होप दुबळे होते असं मात्र नाही. १९३७ च्या जानेवारीत विरोधी पक्षाच्या वर्तमानपत्राचा संपादक आपल्याच देशातल्या लोकांविरुद्ध जर्मनीला पत्रं पाठवून चहाड्या करतो असा सुगावा लागला, तेव्हा त्यांनी झडती घेण्याचा हुकूम दिला. संपादक पळाला. झडती कायद्याला धरून होती का यावरून नंतर एवढं वादळ उठलं की खुर्ची जाते की काय अशी वेळ आली. छोट्या गावातलं राजकारण! सगळे सगळ्यांचे नातलग आणि सगळ्यांच्या मनात दहा वर्षांपूर्वीचं भांडण ताजं.

मग आला १९३८ चा मार्च. हिटलरची फौज ऑस्ट्रियात शिरली आणि एका रात्रीत लिख्टेनश्टाइनची पूर्वेकडची वेस ही जर्मन साम्राज्याची वेस झाली. फेल्डकिर्श हे पलीकडचं गाव तर चालत जाण्याच्या अंतरावर. मोजके पोलीस, सैन्य नाही, आणि स्विस फौज मदतीला धावून येईल अशी हमीही नाही. वर राजे फ्रान्झ ८४ वर्षांचे, आणि त्यांच्या पत्नी एल्सा व्हिएन्नातल्या ज्यू घराण्यातल्या, म्हणजे नाझींच्या डोळ्यांत आयतंच कुसळ.

त्या तीन आठवड्यांत जे झालं ते मला होप यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम वाटतं, जरी त्याचा कुठे पुतळा होण्यासारखा देखावा झाला नाही. त्यांनी आपल्या कट्टर विरोधकांना सरकारात घेतलं. आदल्या वर्षी ज्यांच्याशी झडतीवरून हाणामारीची वेळ आली होती, त्याच पक्षाचे आलोइस फोग्ट उपपंतप्रधान झाले, आणि त्यासाठी फ्रोमेल्ट यांच्यासारख्या भरवशाच्या सोबत्याला ते पद सोडावं लागलं. फोग्ट यांची जर्मनीशी जवळीक होती. याचा एक अर्थ असा की कुंपणावरच्या माणसाला घरात घेतलं, आणि दुसरा असा की बर्लिनशी बोलायला एक ओळखीचा माणूस हाताशी ठेवला. दोन्ही अर्थ बहुधा खरे होते. ३० मार्चला वृद्ध राजांनी कारभार ३१ वर्षांच्या फ्रान्झ योझेफ यांच्याकडे सोपवला, जुलैत ते वारले, आणि हा तरुण राजा चक्क वाडुझच्या किल्ल्यात राहायला आला. राजा आपल्या गावात राहतो, या साध्या गोष्टीने लोकांना केवढा धीर आला असेल!

पुढच्या वर्षी २ मार्चला राजे आणि होप बर्लिनला जाऊन हिटलरला भेटले. भेटीतून लेखी काही हाती आलं नाही. १५ मार्चला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. आणि २४ मार्चच्या रात्री लिख्टेनश्टाइनमधल्या नाझी संघटनेने उठावाचा घाट घातला. योजना अशी, की नेंडेल्न गावातून मोर्चा काढून वाडुझकडे जायचं, वाटेत चकमक झाली की फेल्डकिर्शहून जर्मन सैन्याला मदतीला बोलवायचं, आणि देश जर्मनीला जोडून टाकायचा. चाळीसेक जण स्वस्तिकं पेटवून निघाले. बर्लिनहून मात्र जर्मन सैन्याला हात न घालण्याचा हुकूम आला होता. एवढ्याशा तुकड्यापायी स्वित्झर्लंडशी वाकडं घेण्यात त्यांना त्या घडीला रस नव्हता. वाटेत मोर्चाला सामोरा गेला तो आपला चित्रकार धर्मगुरू, फ्रोमेल्ट. समजावून, दटावून त्याने त्यांना परत फिरवलं. उठाव सकाळपर्यंत विरून गेला.

त्यानंतर देशात सह्यांची मोहीम निघाली. स्वतंत्र देश आणि आपला राजा यांच्या बाजूने सुमारे ९५ टक्के मतदारांनी सह्या केल्या. (मतदार म्हणजे पुरुष. या देशातल्या बायकांना मताचा हक्क मिळायला १९८४ साल उजाडावं लागलं.) आणि वसंतात निवडणूक आली तेव्हा होप आणि फोग्ट यांच्या पक्षांनी आपसात जागा वाटून एकच यादी दिली आणि मतदानच होऊ दिलं नाही. नाझींना एकही जागा मिळू नये म्हणून लोकशाही वाचवायला मतपेटी कपाटात ठेवली गेली. १९४३ मध्ये तर राजाच्या हुकमाने संसदेची मुदत तशीच पुढे ढकलली. मी लोकशाहीचा कट्टर भक्त आहे, पण या ठिकाणी होप यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

जिथे ती अडखळते ती जागा दुसरीच आहे. १९३८ पासून ऑस्ट्रियातले ज्यू जीव मुठीत धरून या वेशीवर येत होते. होप यांच्या सरकारने काहींना आत घेतलं. पण कोणाला? ज्याच्याजवळ अनामत भरायला पैसा आहे, जो कारखाना काढून चार स्थानिकांना काम देईल, किंवा जो नागरिकत्वाची भली मोठी रक्कम भरू शकेल त्याला. त्या पैशांतून खजिना भरला आणि माणसंही वाचली. हे दोन्ही एकाच कागदावर घडत होतं, म्हणून त्याला नुसता लोभ म्हणता येत नाही आणि नुसती दयाही म्हणता येत नाही. ज्यांच्या खिशात काही नव्हतं, त्यांना स्विस पहारेकऱ्यांनी आणि इथल्या अधिकाऱ्यांनी माघारी वळवलं. स्वित्झर्लंडनेही १९३८ च्या ऑगस्टमध्ये दार लावून घेतलं होतं, आणि स्विस मर्जीवर जगणाऱ्या होप यांना त्याविरुद्ध जाणं कठीण होतं, हे खरं. पण माघारी गेलेल्या माणसाला पुढे कोणती वाट उरली होती तेही आपण जाणतो. मार्च १९३८ मध्ये जी सावधगिरी मला मोठी वाटली, ती इथे येऊन पोहोचली की मन खट्टू होतं. आणि सावधगिरी तीच, माणूसही तोच.

या साऱ्याचा हिशेब मांडायला या देशाला बराच वेळ लागला. २००१ मध्ये सरकारने इतिहासकारांचा एक स्वतंत्र आयोग नेमला. पेटर गायगर हे त्याचे अध्यक्ष होते. २००५ मध्ये अहवाल आला आणि निर्वासित, युद्धकाळातला उद्योग, लुटलेली मालमत्ता असं सगळं त्यात तपासलं गेलं. युद्धाच्या वर्षांत निघालेल्या कारखान्यांतून जर्मनीची मागणी पुरवली जात होती, शेकडो लोक रोज सीमेपलीकडे कामाला जात होते, हेही त्यात आलं. छोट्या देशाने स्वतःची अशी झडती घेणं मला आवडलं. मोठ्या देशांना ते नेहमी जमतंच असं नाही.

युद्धाची वर्षं होप यांनी याच तारेवर काढली. स्थानिक नाझींचं पत्र १९४० पासून निघत होतं, त्यात सरकारवर आगपाखड चाले. ते १९४३ मध्ये, वारं फिरल्यावर, बंद केलं गेलं. उठावकऱ्यांवरच्या खटल्याचा निकालही युद्ध संपल्यावरच लागला. सगळं हळूहळू, वाऱ्याची दिशा पाहून. त्याच १९४३ च्या मार्चमध्ये वाडुझच्या चर्चमध्ये राजांचं लग्न झालं. राज्यावर असलेल्या राजाचं लग्न प्रजेने आपल्या भूमीवर पाहण्याची ही पहिलीच वेळ. अवतीभवती युरोप जळत असताना या अकरा हजार लोकांच्या घरी मांडव पडला.

१९४५ च्या २ मेच्या रात्री, युद्ध संपायला आठवडाही उरला नसताना, शेलेनबर्गच्या बाजूने सुमारे पाचशे माणसं वेस ओलांडून आत आली. ते होते जर्मनीच्या बाजूने लढलेले रशियन सैनिक, त्यांचा सेनापती बोरिस स्मिस्लोव्स्की, शिवाय काही बायका आणि दोन-चार मुलं. त्यांच्याकडून शस्त्रं काढून घेऊन त्यांना ठेवून घेतलं गेलं. रशियाने त्यांना परत मागितलं. अमेरिका आणि ब्रिटनसारख्या बड्या राष्ट्रांनी असे हजारो लोक रशियाच्या हवाली केले, पण या चिमुकल्या देशाने जबरदस्तीने एकालाही पाठवलं नाही. दोनशेच्या आसपास लोक स्वखुशीने परतले, उरलेल्यांपैकी बरेच १९४७ मध्ये अर्जेंटिनाला गेले. तोवरचा खर्च या देशाने सोसला.

शेलेनबर्गला या घटनेचं स्मारक आहे आणि देशाला तिचा रास्त अभिमान आहे. पण आयुष्याचा विनोद पाहा. माणसं आत आली तेव्हा होप पंतप्रधान होते. रशियाचं शिष्टमंडळ वाडुझला येऊन बसलं आणि ताठ मानेने नाही म्हणण्याची खरी वेळ आली, तोवर त्यांनी राजीनामा दिलेला होता. १९४५ च्या उन्हाळ्यात ते पायउतार झाले. युद्धकाळातल्या तडजोडींचा शिक्का बसलेला चेहरा नव्या काळात नको होता. सप्टेंबरात आलेक्झांडर फ्रिक पंतप्रधान झाले आणि तेही जवळजवळ सतरा वर्षं राहिले. दोन माणसांत चौतीस वर्षं! आपल्याकडच्या राज्यांत तेवढ्या काळात किती मुख्यमंत्री झाले ते मोजून पाहावं.

खुर्ची गेली तेव्हा होप पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी आठवणी लिहून सफाई देण्यापेक्षा कायद्याचा अभ्यास करून वकिली सुरू केली. पन्नाशीच्या माणसाने पुन्हा पाठ्यपुस्तकं उघडावीत, यात मला तरी त्यांचा स्वभाव दिसतो. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला लोकांनी त्यांना पुन्हा संसदेत पाठवलं आणि ते तिचे अध्यक्षही झाले. ऑक्टोबर १९५९ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. तोवर देश भराभर श्रीमंत होऊ लागला होता. २०२५ मध्ये ब्रिगिटे हास या त्या खालच्या कचेरीतल्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. त्या मात्र होप यांच्या नव्हे, तर फोग्ट यांच्या पक्षाच्या.

हे सारं मी परत आल्यावर वाचलं. त्या दिवशी मात्र हे काहीच ठाऊक नव्हतं. आमची बस वाडुझहून निघाली, शान आणि नेंडेल्न ही गावं मागे टाकून ऑस्ट्रियाच्या वेशीवर आली. माझ्या शेजारच्या आजी चॉकलेटचा पुडा सोडत होत्या. नाक्यावर एक गणवेशातला माणूस उभा होता. त्याने बसकडे पाहिलं आणि पुढे चला म्हणून हात हलवला. पाच-दहा मिनिटांत फेल्डकिर्श आलंसुद्धा.